खाली सही कोणाची?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडे बाजार भरला होता. गुजरातची हद्द इथून फार लांब नाही. त्या दिवशी एसटीतून पाच माणसे उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. गावोगाव हिंडायचे, भिक्षा मागायची, संध्याकाळी पालावर परतायचे, हा त्यांचा पिढीजात क्रम. बाजारात त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे नंतर सांगितले गेले. मुले पळवणारी टोळी आली अशी ओरड झाली. जमावाने पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, खोलीत कोंडले आणि तिथेच जीव जाईपर्यंत मारले. मारहाणीचे मोबाइलवर चित्रीकरण झाले आणि तेही गावोगाव फिरले.

त्याच रात्री मालेगावात पाच जणांच्या एका कुटुंबाला जमावाने घेरले. त्यात दोन वर्षांचे मूल होते. स्थानिक लोक आणि पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले. राईनपाड्यात वाचवायला कुणी वेळेवर आले नाही.

मुले चोरणारे आणि मुलांचे अवयव काढून विकणारे फिरत आहेत, ही आवई त्या उन्हाळ्यात देशभर उठली होती. आसाम, त्रिपुरा, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र अशा राज्यांत माणसे मारली गेली. मरणारे जवळजवळ सगळे परगावचे, परभाषेचे, नाहीतर भटके. गावात ज्यांना ओळखणारे कुणी नाही, असे. ज्याच्यासाठी ‘हा आपला माणूस आहे’ असे सांगायला कुणी उभे राहत नाही, त्याच्यावर अफवा सगळ्यात आधी येऊन पडते.

त्या आवईबरोबर जे व्हिडिओ फिरत होते, त्यांतला एक नीट पाहण्यासारखा आहे. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि निघून जातात. बाकीची मुले मागे धावतात. इथे व्हिडिओ संपतो. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. स्वतःचे मूल अंगणात खेळत असेल तर तो आधी उठून बाहेर डोकावतो. हे अगदी साहजिक आहे आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

पण व्हिडिओ तिथे संपत नव्हता. मूळ चित्रफितीत ते दोघे मोटरसायकल वळवून परत येतात, मुलाला जिथून उचलले तिथे सोडतात आणि एक जण हातातला फलक उलगडून दाखवतो. कराचीत दरवर्षी किती मुले हरवतात, मूल पळवायला किती थोडा वेळ पुरतो, मुलांवर लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. पाकिस्तानातल्या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ती जाहिरात होती, आईबापांना सावध करण्यासाठी केलेली. शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले आणि तिचा पुरावा बनवला. कराचीच्या गल्लीवर मग आपल्याकडच्या एकेका गावाचे नाव चढत गेले. दुसरे एक चित्र याहून भयानक होते: ओळीने ठेवलेली लहान मुलांची प्रेते. अवयव काढून फेकलेली मुले, असे खाली लिहिलेले. ती मुले सीरियातल्या घौटा भागातली, ऑगस्ट २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेली. आपल्या देशाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

आता या प्रकरणातला माझा मुद्दा. कराचीच्या व्हिडिओची शहानिशा राईनपाड्याच्या घटनेआधीच झालेली होती. ज्यांनी ती केली, त्यांनी काही जादू केली नव्हती. व्हिडिओ एका ठिकाणी थांबवायचा, ती चौकट चित्र म्हणून इंटरनेटवर शोधायची, सगळ्यात जुनी प्रत कुठे आहे ते पाहायचे, ती पूर्ण पाहायची, बनवणाऱ्या संस्थेचे नाव काढायचे. सवयीच्या माणसाला यात फार वेळ जात नाही. निष्कर्ष लिहून प्रसिद्धही झाला होता, वाचायला एक पैसा पडत नव्हता. तरीही तो राईनपाड्याच्या बाजारात पोहोचला नाही.

का नाही पोहोचला? एक तर तो मुख्यतः इंग्रजीत आणि हिंदीत होता. साक्रीच्या या पट्ट्यात घरोघरी कोकणा आणि भिल्ली बोली बोलतात; तिथे छापील प्रमाण मराठीसुद्धा शाळेत शिकावी लागते. दुसरे म्हणजे तो वाचायला कुठेतरी जावे लागत होते, शोधावे लागत होते. खोटा व्हिडिओ मात्र चुलतभावाकडून, गावच्या पोराकडून, ओळखीच्या नंबरावरून आपण होऊन खिशात येत होता. वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर पैसे भरल्याशिवाय बातमी उघडत नाही, त्याला आपण ‘पेवॉल’ म्हणतो आणि तिच्यावर पुष्कळ बोलतो. राईनपाड्यापुढे ती भिंत नव्हतीच. भाषेची होती, अंतराची होती, आणि ओळखीचा माणूस सांगतो ते खरे मानण्याच्या जुन्या रीतीची होती. त्या रीतीत वाईट काही नाही. खेड्यातले निम्मे व्यवहार तिच्यावरच चालतात. फक्त तिथे सांगणाऱ्याला ‘तू स्वतः पाहिलेस का?’ असे विचारता येते. फॉरवर्डला विचारता येत नाही.

‘अफवा’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ ‘तोंडे’. या तोंडातून त्या तोंडात जाते ती. मोबाइलने तिच्यातून तोंडही काढून घेतले. ‘जसा आला तसा पुढे पाठवत आहे’ ही ओळ आपण सगळ्यांनी वाचली आहे, पुष्कळांनी लिहिलीही आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर माझे एक काका अशी ओळ नेमाने लिहितात. ते अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत. खोटे बोलताना मी त्यांना कधी पाहिले नाही. ती ओळ लिहिताना त्यांना वाटते की आपण जबाबदारीने वागतो आहोत, आपले पदरचे काही घातलेले नाही. खरे तर त्या ओळीने ते म्हणत असतात की याच्याखाली माझी सही नाही. त्यांना पाठवणाऱ्याचीही नव्हती. मागे मागे जात राहिले तरी सहीवाला माणूस सापडत नाही.

ज्या मजकुराखाली सही असते त्याचे काय होते, हे पाहायला कोल्हापूरला जाऊ.

‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. ‘केसरी’ आगरकरांकडे होता, इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा त्या वेळी छळ चालला आहे, त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी चर्चा महाराष्ट्रभर होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोख होता. अशात बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुण्यात आली. त्यांवरून महाराजांच्या जिवावर उठलेला कट सिद्ध होत होता. संपादकांनी पत्रे पाहिली, त्यांना ती खरी वाटली, आणि दोन्ही वृत्तपत्रांतून बर्व्यांवर हल्ला चढला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटल्यात ती पत्रे बनावट निघाली.

टिळक आणि आगरकर फसले होते. हेतू शुद्ध होता, महाराजांविषयीचा कळवळा खरा होता, पण छापलेला मजकूर खोटा होता आणि त्याने एका माणसाची अब्रू गेली होती. दोघांनी माफी मागितली. ती पुरेशी ठरली नाही. १७ जुलै १८८२ रोजी प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच गेला. सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. शाळेत आपण ते देशभक्तीच्या कथेसारखे ऐकतो. मला त्यात दुसरेही काही दिसते. ज्या दोघांना आपण मराठी पत्रकारितेचे दीपस्तंभ मानतो, त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात एका चुकीच्या बातमीने झाली आणि त्या चुकीची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली. अंकावर नाव होते, पत्ता होता, फिर्याद लावायला माणूस सापडत होता.

या खटल्यात आणखी एक गोष्ट घडली, ती फार कमी सांगितली जाते. संपादकांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये हवे होते. १८८२ सालचे दहा हजार. ते उभे केले रामशेठ उरवणे यांनी आणि त्यांना शब्द टाकला होता जोतिराव फुले यांनी. फुल्यांचे आणि या मंडळींचे विचार अनेक बाबतींत जुळत नव्हते. तरी लिहिणाऱ्याला तुरुंगाच्या दारात एकटे सोडायचे नाही, एवढे त्यांना पटत होते. बातमीमागे कुणाचा तरी पैसा उभा राहावा लागतो, ही गोष्ट मराठी पत्रांत जुनीच आहे.

आणि कोल्हापूरच्या महाराजांचे काय झाले? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर इथे त्यांचा मृत्यू झाला. देखरेखीवर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. पत्रे खोटी होती. महाराजांच्या जिवाची काळजी खोटी नव्हती. न्यायालयाने पत्रांचा निकाल दिला तो योग्यच होता, पण त्याने सगळे सत्य हाती आले असे झाले नाही. ते पुढल्या वर्षी नगरला बाहेर पडले, तेही अर्धे. खरे कोण ठरवते, असे विचारताना आपल्याला एक खुर्ची हवी असते, जिच्यावर बसलेला माणूस हातोडा आपटेल आणि प्रश्न मिटेल. कोल्हापूर प्रकरणात अशी खुर्ची एकच नव्हती. संपादकाने लिहिले, ज्याच्यावर लिहिले त्याने आव्हान दिले, न्यायालयाने पुरावा तपासला, हितचिंतकांनी जामीन भरला, काळाने उरलेले सांगितले. यांतल्या कुणाही एकाकडे पूर्ण मुखत्यारी नव्हती, आणि म्हणूनच प्रत्येकाची चूक दुसऱ्याला पकडता आली.

आता ती खुर्ची आणण्याचा प्रयत्न आपल्या काळात झाला, त्याकडे येतो. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी समाजमाध्यमांवर आलेला मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे की नाही, हे सरकारने नेमलेला तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार. त्याने शिक्का मारला की कंपनीने मजकूर ठेवायचा की काढायचा हे कागदोपत्री तिच्यावरच. पण ठेवला तर वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल कंपनीला मिळणारे कायदेशीर संरक्षण जाण्याचा धोका. कोणती कंपनी कुणा अनोळखी माणसाच्या चार ओळींसाठी एवढी जोखीम घेईल? नियमात ‘काढा’ असे लिहायची गरजच नव्हती.

विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठाचे दोन निकाल आले: न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी ती वैध मानली. मार्चमध्ये सरकारने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उच्च न्यायालयातला मतभेद मिटवायला प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदुरकर यांच्याकडे गेलेले होते. त्यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेल यांच्या बाजूने मत दिले आणि दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ‘खोटे’, ‘बनावट’, ‘दिशाभूल करणारे’ या शब्दांची व्याख्याच नियमात नव्हती, आणि आपल्याविषयीच्या बोलण्याचा निवाडा सरकारने स्वतःच करायचा होता.

माझ्या मते हा निकाल बरोबर आहे, आणि राईनपाड्याची आठवण ताजी ठेवूनही बरोबर आहे. अफवेने माणसे मरत असताना सरकारच्या हातात अधिकार का नको, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना त्रिपुराचा जून २०१८ सांगावासा वाटतो. तिथे एका शाळकरी मुलाचा मृतदेह सापडला. राज्याच्या एका मंत्र्याने मुलाच्या घरी जाऊन जाहीरपणे सांगितले की हा मूत्रपिंडे काढण्याचा प्रकार आहे. नंतर कळले की मूत्रपिंडे शाबूत होती. तोवर राज्यभर भीती पसरली होती. मग ती भीती घालवण्यासाठी सरकारच्याच माहिती खात्याने ध्वनिवर्धक देऊन माणसे गावोगाव पाठवली. त्यांतल्या एकाला २८ जून रोजी साबरूम भागात जमावाने मुले पळवणारा समजून ठार मारले. अफवांवर विश्वास ठेवू नका, हे सांगायला तो आला होता.

राईनपाड्याच्या तीन दिवस आधीची ही गोष्ट. ज्या सरकारच्या मंत्र्याने चूक केली त्याच सरकारच्या हाती खरे-खोटे ठरवण्याचा अखेरचा शिक्का असता, तर मंत्र्याचे विधान खोटे आहे असे लिहिणाऱ्याचे काय झाले असते? सरकारने बोलू नये असे मी म्हणत नाही. खूप बोलावे, लवकर बोलावे, पुराव्यासह बोलावे. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच आवईत मारले गेले, आणि नंतर त्या हत्येला धार्मिक रंग देणारी दुसरी आवई उठली. तेव्हा राज्य सरकारने अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. सरकारचे काम ते. स्वतःकडची माहिती उघड करणे वेगळे आणि दुसऱ्याचा मजकूर पुसायला लावणे वेगळे.

सरकार नको तर कंपनी ठरवेल का? राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे पाठवलेल्या निरोपावर बाणाची खूण आली, आणि २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. या गोष्टी उपयोगी पडल्या असतील. वेग कमी करणे चांगलेच. पण त्यातून खरे काय ते कळत नाही. अफवांपासून सावध राहा हे सांगायला जुलै २०१८ मध्ये याच कंपनीने पानभर जाहिराती दिल्या, त्या वर्तमानपत्रांत दिल्या. विश्वास अजून तिथे आहे, हे तिला ठाऊक होते.

मग वर्तमानपत्राकडे येऊ, आणि इथे आपल्याला स्वतःच्या घरातच डोकवावे लागेल. रोज सकाळी दारात पडणाऱ्या अंकासाठी आपण जे चार-सहा रुपये देतो, त्यात तो कागदही बसत नाही. बातमीदार, छायाचित्रकार, उपसंपादक, छपाई, पहाटेची गाडी, विक्रेत्याचे कमिशन हे सगळे जाहिरातदार भरतो. १९९४ मध्ये दिल्लीत एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने किंमत उतरवली, इतरांना मागे जावे लागले, आणि वर्तमानपत्र म्हणजे जवळजवळ फुकट वस्तू अशी आपली समजूत पक्की झाली. महिन्याच्या शेवटी रद्दीवाला जे देतो ते वजा केले तर घरखर्चात ती रक्कम दिसतसुद्धा नाही. आपल्याला हे सोयीचे वाटले. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत त्याची किंमत कळली. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा तोच मजकूर, शब्दाला शब्द, एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत ‘बातमी’ म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घराघरांत पोहोचला. वाचक पैसे देत नाही, तेव्हा बातमी फुकट होत नाही. पैसे देणारा बदलतो, आणि ती कुणासाठी लिहायची तेही बदलते.

म्हणून पेवॉलचा मला राग येत नाही. एखादे संकेतस्थळ म्हणते, जाहिरातीवर नाही तर वर्गणीवर चालू, तेव्हा ते ‘केसरी’च्या काळातल्या पत्रांसारखेच वागत असते. जुन्या पत्रांना वर्गणीदार असत. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, पत्राची वर्गणी: ज्यात आपलाही वाटा आहे अशा कामाला आपण वर्गणी देतो. अडचण एवढीच की वर्गणी न परवडणाऱ्याच्या हाती मग उरते ते फुकट फिरणारे. मुंबई-पुण्यातला इंग्रजी वाचणारा माणूस दोन-तीन ठिकाणी पैसे भरून चांगली माहिती मिळवील. साक्रीतला शेतमजूर काय करील? माहितीची अशी दोन गावे पडणे परवडणारे नाही, कारण अफवा मात्र दोन्ही गावांत फिरते.

यावर आपल्याकडे एक उपाय झालेला आहे आणि तो जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये. म्हणजे पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आधीपासून एकाने विकत घ्यायचे आणि सगळ्यांनी वाचायचे ही सोय इथे होती. एक अंक, एक लांब टेबल, भोवती बाकडी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कुणी मोठ्याने वाचायचे. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी आज ग्रंथपालाचे मानधन तुटपुंजे आहे, अनुदान रखडते आणि आधी बंद होते ते वर्तमानपत्र. वाचनकक्षातल्या टेबलावर तीन अंकांच्या जागी एक येतो, मग तोही येत नाही. मात्र त्याच गावात प्रत्येक खिशात डेटा असतो.

मला हे टेबल परत हवे आहे. डिजिटल वर्गणी व्यक्तीऐवजी ग्रंथालयाला मिळावी, तालुक्याच्या ठिकाणी एकाने भरलेली वर्गणी पाड्यावरच्या वाचनालयातही उघडावी, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वृत्तसंस्थांनी गावच्या ग्रंथालयांसाठी वेगळा, परवडणारा दर ठेवावा. सरकारने तथ्य तपासणारा कक्ष काढण्यापेक्षा हा दर भरावा. शहानिशा केलेला मजकूर वाचणारा एक माणूस पाड्यावर असला आणि तो पाड्यातलाच असला, तर बाजारात ओरड झाली की ‘थांबा, तो व्हिडिओ कराचीचा आहे’ असे त्याच्या तोंडून, त्यांच्या बोलीत लोकांना ऐकू येईल. ओळखीच्या माणसाचे ऐकण्याची रीत आपण मोडू शकत नाही. त्या ओळखीच्या माणसापर्यंत चांगला मजकूर पोहोचवणे आपल्या हातात आहे.

आता तुम्हाला दोन गोष्टींची विनंती. ‘जसा आला तसा’ ही ओळ पुन्हा लिहू नका. जे पाठवाल त्याखाली स्वतःचे नाव घालता येत नसेल तर ते पाठवू नका. माझ्या काकांनाही मी हेच सांगितले आहे. आणि या महिन्यात तुमच्या गावच्या किंवा मूळ गावच्या वाचनालयात फोन करून टेबलावर सध्या कोणती वर्तमानपत्रे येतात ते विचारा. एखादे पैशांअभावी बंद झाले असेल, तर त्याची वर्षाची वर्गणी भरून टाका.